पुसायची राहिलेली पाटी

शिवशरण बाई,

मस्टरवर सोमवारच्या रकान्यात तुमच्या नावापुढं 'कि. र.' असं लिहिलेलं आहे. किरकोळ रजा. अक्षर माझं. मोठ्या बाई म्हणाल्या, "राहू दे सर, मस्टरवर खाडाखोड नको." म्हणजे कागदोपत्री तुम्ही एका दिवसाच्या रजेवर गेलात आणि मंगळवारी येणार होतात.

झालं असं. परिपाठाच्या आधी मी माइकची वायर दाताने सोलत होतो, तेव्हा तुमच्या राहुलचा फोन आला. "सर, आई आज येणार नाही." मी वायर तोंडात धरूनच म्हणालो, "बरं बरं, किरकोळ टाकतो." तो म्हणाला, "सर, आई आता येणारच नाही." आणि मी, बाई, हसलो. हसून म्हणालो, "का रे, बदली झाली की काय?"

पुढं तो काय बोलला ते मला नीट आठवत नाही. शाळेला निघताना चप्पल घालत होती, असं काहीतरी. एकच चप्पल घालून झाली होती. मी "बरं" म्हणालो, फोन खिशात ठेवला, मस्टर उघडलं आणि किरकोळ टाकली. मग माइक चालू करून पोरांकडून प्रार्थना म्हणवून घेतली, प्रतिज्ञा घेतली, सुविचार वाचला. सगळं रीतसर. बातमी मोठ्या बाईंना सांगायला हवी, हे पहिला तास संपल्यावर लक्षात आलं.

संध्याकाळी तुम्हाला पोचवायला सगळी गल्ली पांढऱ्या कपड्यांत होती. मी तसाच शाळेतून आलेलो, आकाशी शर्ट, खिशात खडूचे तुकडे. त्रिशरण चाललेलं, मी हात जोडून उभा, आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: डबा वर्गातच राहिला. भेंडी होती. उद्या वास येणार. बाई, एवढंच. तुम्ही समोर आणि मी भेंडीचा विचार करतोय. रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही. येईल म्हणून मी वाट बघतोय, पण ते कुठल्या गाडीनं येतंय कुणास ठाऊक.

तुमची चौथी अ, माझी चौथी ब, मध्ये वरून उघडं प्लायवूडचं पार्टिशन. या पार्टिशननं माझी जेवढी अब्रू घालवली तेवढी कुणी घालवली नसेल. मी पाढे घ्यायला लागलो की पलीकडून तुमचा आवाज यायचा, "त्रेसष्ट हो सर, त्रेसष्ट!" आणि तुमची पोरं खिदळायची. मंगळवारी मी सातचा पाढा मुद्दाम घेतला. सात नवे एकसष्ट म्हणालो आणि थांबलो. माझ्या पोरांनी आज्ञाधारकपणे "एकसष्ट" म्हटलं. पलीकडे सगळं शांत. मी पुन्हा म्हणालो, जरा मोठ्यानं, "सात नवे एकसष्ट!" तेव्हा पलीकडून एक बारीक आवाज आला, "सर, त्रेसष्ट..." प्रज्ञा असावी, तुमची मॉनिटर. मी म्हणालो, "शाबास." आणि पुढचा पाढा घेतला.

हे सगळं मी तुम्हाला का सांगतोय, तर सांगायचं ते वेगळंच आहे आणि त्याच्याजवळ जायला मला नेहमी असाच वळसा लागतो. तुम्हाला ते माहीत आहे. तुमच्याइतकं ते कुणालाच माहीत नव्हतं.

पाटीचा शनिवार तुमचा. हे आधी लिहून टाकतो.

त्या वर्षी तुमच्या वर्गात शिरीन होती. खांबामागं बसायची, हजेरीला 'हजर' इतक्या हळू म्हणायची की ते तिच्या शेजारणीलाही ऐकू येत नसेल. एका शनिवारी, दप्तराविना शाळेचा दिवस होता, तुम्ही हजेरीपट बघत बसला होतात आणि एकदम उठलात. कपाटातनं जुनी पाटी काढलीत. मी पार्टिशनच्या फटीतनं बघत होतो. (व्हय, बघायचो मी. कबूल.) पाटीवर तुम्ही लिहिलंत: 'मी शिरीनला पाहिलं नाही.' वर्गापुढं धरलीत आणि म्हणालात, "पोरांनो, ही माझी चूक. शिरीन रोज येत होती आणि मी तिला गैरहजर मांडत होते. ती इथंच बसली होती आणि मला दिसली नाही." मग ओलं फडकं शिरीनच्या हातात दिलंत. "तुला लागलंय, तर तूच पूस."

ती पोरगी उठली, खांबामागनं बाहेर आली आणि पाटी पुसली. कोपरेसुद्धा. नंतर महिनाभर ती हजेरीला एवढ्यानं ओरडायची की आमच्या वर्गातली पोरं दचकायची.

तिथनं नियम झाला. शनिवारचा शेवटचा तास. ज्याचं चुकलं त्यानं लिहायचं, ज्याला लागलं त्यानं पुसायचं. कुणालाच लागलं नसेल तर बाई पुसणार. लिहून झालं की तुम्ही विचारायच्या, "अजून काही?" आणि थांबायच्या. नुसत्या थांबायच्या. त्या थांबण्यात पोरांच्या पोटातलं काय काय बाहेर यायचं. आणि पुसलेलं पुन्हा कुठं लिहायचं नाही, घरी सांगायचं नाही.

मी तुमच्याशी भांडलो होतो. म्हणालो, "बाई, मास्तरनं पोरांपुढं चूक कबूल केली की पोरं डोक्यावर बसतात."

तुम्ही म्हणालात, "बसू द्या की. तुमच्या डोक्यावर जागा लई हाय, आत काय न्हाय म्हटल्यावर."

पुढच्या शनिवारी तुम्ही मधलं दार उघडून माझा वर्ग आत घेतलात आणि माझ्या हातात पाटी दिलीत. मी काय लिहिणार? त्याच आठवड्यात मी मागच्या वर्षीचा सुट्टीचा मेसेज वाचून सगळी ब तुकडी सकाळी साडेआठला घरी सोडली होती. तुम्ही मला घेऊन, पोरं परत गोळा करत, भवानी पेठेच्या बोळाबोळांतनं फिरलात. एका ओट्यावर विड्या वळत बसलेल्या आजीनं मला सुनावलं, "अवो गुरुजी, सोडायचं का धरायचं एकदा ठरवा. माझं पोरगं काय कोंबडी हाय?" मी ते पाटीवर लिहिलं, अभिनय करून सांगितलं, आजीचा आवाजसुद्धा काढला. दोन्ही वर्ग लोळले. तुम्हीसुद्धा तोंडाला पदर लावलात.

झालं. मला त्याची चटक लागली. दर शनिवारी माझी एक चूक, ताजी, मसाला घालून. स्वेटर उलटा घालून मी दिवसभर फिरलो ती. प्रश्नपत्रिकेवर उत्तरंच छापली ती. आणि स्नेहसंमेलनातलं झाड! वेंकटेशला कडुनिंब केलं होतं, सांगितलं होतं, मी खूण करीपर्यंत हलायचं नाही. नाटुकलं संपलं, पडदा पडला, पुन्हा उघडला, पाहुण्यांचं भाषण झालं, बक्षिसं वाटून झाली आणि पाहुण्यांच्या मागं कडुनिंब उभाच. दोन्ही हात वर. पाहुणे भाषणात म्हणाले, "तुमच्या शाळेचं पर्यावरणप्रेम मला आवडलं." त्या शनिवारी पाटी वेंकटेशनं पुसली. तुम्ही म्हणालात, "झाडा, नीट पूस. सर विसरतात."

माझ्या सगळ्या चुका अशाच होत्या, बाई, हसण्यासारख्या. तुम्ही शेवटी विचारायच्या, "सर, अजून काही?" मी म्हणायचो, "न्हाय बाई, एवढंच." तुम्ही पुसायच्या.

मग उपक्रमशील शिक्षकांचा तो पुरस्कार आला. मोठ्या बाई म्हणाल्या, पाटीचा उपक्रम पाठवा. तुम्ही म्हणालात, "त्यात पाठवण्यासारखं काय हाय? पुसून टाकायची गोष्ट ती." आणि नणदेच्या घरी कार्य होतं म्हणून मैंदर्गीला गेलात. संगणकाचं काम नेहमीप्रमाणं माझ्याकडं. फोटो हवे होते. त्या दिवशी बुधवार होता आणि एकाही पोरानं काही केलं नव्हतं, म्हणून मी त्यांच्याकडून खोट्या चुका लिहून घेतल्या. 'मी खोटं बोललो' ही पाटी मी तीन वेगवेगळ्या पोरांच्या हातात दिली, कारण तिचं अक्षर चांगलं आलं होतं.

फॉर्मवर 'उपक्रम राबवणाऱ्या शिक्षकाचे नाव' असा एक चौकोन होता. एकच. पाच वाजता तो बंद होणार होता. तुम्हाला फोन लावता आला असता. मैंदर्गीत फोन लागतो. मी माझं नाव टाकलं. स्वतःला सांगितलं, तूर्त टाकतो, मग बघू. असं 'तूर्त' मी आयुष्यात लई ठिकाणी टाकलेलं आहे.

निकाल आला. शाल, नारळ, चिन्ह. सभागृह भरलेलं. तुम्ही तिसऱ्या रांगेत, मोरपंखी साडी. मला म्हणाले, उपक्रमाची कल्पना कशी सुचली ते सांगा. माइक हातात आला की माझं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मी म्हणालो, "माझ्या वर्गात एक मुलगी होती. खांबामागं बसायची. मी तिला तीन दिवस गैरहजर मांडलं..." सभागृह एकदम शांत. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले. मी आवाज जरा खाली आणला. कुठं थांबायचं ते मला बरोबर कळतं.

लोक दुसऱ्याचं श्रेय घेतात, त्याचं मला काही वाटत नाही, सगळीकडं चालतं. पण बाई, मी तुमची चूक घेतली. तुम्ही सगळ्या वर्गापुढं कबूल केलेली चूक मी माझ्या नावावर लावली आणि टाळ्या घेतल्या. असा मास्तर सोलापुरात दुसरा नसेल.

सोमवारी तुम्ही माझ्यासाठी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आणलीत. डबा टेबलावर ठेवलात आणि म्हणालात, "चांगलं बोललात सर. फक्त तीन दिवस नव्हे, चार दिवस होते."

बस. एवढंच. मी भाकरी खाल्ली. चार दिवस होते. मला त्यानंतर कधीही कडक भाकरी मोडताना तो आवाज आला की ते वाक्य ऐकू येतं.

तुम्ही भांडला असतात तर मी माफी मागितली असती. निदान कारणं सांगितली असती, ती तयार होती. तुम्ही भांडलाच नाहीत. तुम्ही फक्त दर शनिवारी, माझी गंमत सांगून झाली की, पोरांपेक्षा मला जरा जास्त वेळ द्यायला लागलात. "सर, अजून काही?" आणि थांबायच्या. तीन वर्षं, बाई. तीन वर्षांतले सगळे शनिवार. फडकं हातात धरून. आणि मी "न्हाय बाई, एवढंच."

शेवटच्या शनिवारीही तसंच. मी शिपाईमामांच्या चहात साखरेऐवजी मीठ टाकलं, त्याची पाटी. मामांनी पुसली. तुम्ही विचारलंत. मी नेहमीचं उत्तर दिलं. तुम्ही फडकं पिळून खिडकीत वाळत घातलंत आणि म्हणालात, "बरं. पुढच्या शनिवारी."

शुक्रवारी शाळेत शोकसभा झाली. मोठ्या बाई म्हणाल्या, "काशीद सर, तुम्ही बोला, तुम्हाला जमतं." जमलंच. मी झाडाची गोष्ट सांगितली. लोक हसले आणि हसता हसता रडले. राहुलसुद्धा. मी मधेच पाटीच्या शनिवारावर आलो आणि माझ्या तोंडून निघालं, "बाईंच्या मार्गदर्शनाखाली मी हा उपक्रम..." ऐकताय ना? तुम्ही गेल्यावरसुद्धा. तुमच्याच उपक्रमाला मी तुमचं मार्गदर्शन लावलं.

सभा संपल्यावर शिरीन आली. आठवीत आहे आता, उंच झालीय. तिचा धाकटा भाऊ अयान माझ्याच वर्गात. व्हरांड्यात माझ्या पुरस्काराचं कात्रण फ्रेम करून लावलेलं आहे ना, ती तिथं उभी होती.

म्हणाली, "सर, अयान घरी सांगत होता, ती पहिली पाटी सरांची होती म्हणून. इथं पण तसंच लिहिलंय."

मी म्हणालो, "हं."

"पण मी पुसली ती बाईंची होती ना?"

"व्हय."

"मग बरं. मला वाटलं, माझंच काही चुकतंय." आणि ती गेली.

तिचंच काही चुकतंय. चार दिवस हजर असून गैरहजर मांडलेली पोरगी, बाई, आणि मी तिला पुन्हा तेच वाटायला लावलं.

शनिवारी दोन्ही वर्ग तुमच्या खोलीत बसवले. मला वाटलं होतं, शेवटच्या तासाला गोष्ट सांगावी, चित्र काढू द्यावं. पण प्रज्ञानं न विचारता पाट्यांचा खोका आणून ठेवला. पहिली पाटी माझ्या हातात दिली. मी लिहिलं, 'बाई वारल्या तेव्हा मी किरकोळ रजा मांडली.' सवयीनं सांगायला लागलो, वायर, दात, बदली. कुणी हसलं नाही. माझाही आवाज आपोआप सपाट होत गेला.

मग प्रज्ञा उभी राहिली. तिनं तुमच्यासारखी मान जरा तिरकी केली, मुद्दाम नव्हे, चार महिने तुमच्यापुढं बसून ती तशी झालीय. म्हणाली, "सर, अजून काही?"

आणि थांबली.

तुम्ही थांबायच्या तसंच. खाली रस्त्यावर एक भंगारवाला भोंग्यावर ओरडत होता, तो पार लांब जाईपर्यंत ती थांबली.

मी दुसरी पाटी घेतली. लिहिलं: 'शिरीनला गैरहजर मांडायची चूक शिवशरण बाईंची होती. ती त्यांनी सगळ्यांपुढं कबूल केली. मी ती माझी म्हणून सांगितली आणि बक्षीस घेतलं. पाटीचा शनिवार बाईंचा आहे. चार दिवस होते.' पाटी भरली. शेवटची ओळ चौकटीला चिकटून बसली. वाचून दाखवली. मसाला घालायला काही नव्हतं त्यात.

अयाननं फडकं ओलं करून आणलं, मधोमध आला आणि थांबला.

"ही कुणी पुसायची सर?"

वेंकटेशचा धाकटा भाऊ म्हणाला, "बाईंनी पुसायची की. त्यांना लागलंय."

"बाई कुठं हायत आता?"

"मग सरांनीच पुसू दे."

"चालत न्हाय! ज्याचं चुकलं त्यानं लिहायचं!"

"मग मोठ्या बाई?"

"त्यांना कुठं लागलंय?"

मला वाटलं, कुणीतरी तोडगा काढील. पोरं काढतात. पण नियम तुम्ही इतका साधा केलाय की त्यात फट नाही. शेवटी प्रज्ञानं पाटी घेतली आणि तुमच्या टेबलावर ठेवली, खुर्चीकडं तोंड करून. अयाननं फडकं शेजारी ठेवलं. घंटा झाली.

सोमवारी मी पुरस्कारावर तुमचं नाव लावा म्हणून कार्यालयात अर्ज दिला. लिपिक म्हणाले, "नाव बदलायची सोय न्हाय हो सर. पुढच्या वर्षी मॅडमच्या नावानं नवीन भरा की." मी म्हणालो, "मॅडम वारल्या." ते म्हणाले, "मग जिवंत असल्याचा दाखला लागंल." अर्जावर आवकचा शिक्का मारून घेतला आणि आलो. व्हरांड्यातलं कात्रण उतरवलं. भिंतीवर तेवढा चौकोन पांढरा राहिलाय, बाकीची भिंत धुरकट. शिरीनला निरोप धाडलाय, तुझं काही चुकत नव्हतं म्हणून. अयाननं तो पाठ करून नेला.

एवढं केलं आणि मला काहीतरी होईल असं वाटलं होतं. हलकं वगैरे. झालं नाही. पाढे घेतो, फळा पुसतो, डबा घरी नेतो.

तुमच्या वर्गावर नवीन बाई येतील पुढच्या आठवड्यात. मी त्यांना पाटीबद्दल सांगणार आहे, की तिला हात लावू नका. झाडणाऱ्या मावशींना पोरांनी आधीच सांगितलंय. त्या टेबलाभोवतीनं झाडतात.

पोरं मात्र रोज सकाळी एक काम करतात. कुणीही सांगितलेलं नाही. परिपाठाला जायच्या आधी कुणीतरी ते फडकं नळाखाली धरून ओलं करतं, पिळतं आणि पाटीशेजारी ठेवतं. दुपारच्या खिचडीपर्यंत ते कडकडीत वाळतं, आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओलं.

आज मी लवकर आलो होतो. शाळेत कुणीच नव्हतं. आज मी केलं.